बोलावणं

नागनाथ ड्रायव्हरच्या गाडी चालवण्यात जिंतूर आगारात कुणी कधी खोट काढली नाही, पण बोलण्याच्या बाबतीत माणूस म्हणजे निव्वळ दगड. मागं साठ उतारू कलकलाट करायलेत, कुणाचं लेकरू रडतंय, कुणाची कोंबडी सुटलीय, आणि हा पुढं मुका. घरी आला तरी तेच. बायको होती तोवर त्याच्या वाटचं तीच बोलायची. लेक सुकेशनी बारावीला असताना ती गेली, आणि घरात बोलणारं माणूसच उरलं नाही. आता असल्या माणसानं उभ्या आयुष्यात एकच वाक्य ठसक्यात बोलावं, आणि तेही नेमकं नको ते, ह्याला काय म्हणावं?

ते वाक्य तो परभणीच्या स्टेशनवर बोलला. सुकेशनी नर्सिंग शिकली होती, जीभ वळवून वळवून जर्मन भाषेच्या परीक्षा पास झाली होती, आणि तीन वर्षांच्या करारावर जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात कामाला निघाली होती. सोबत आणखी चार पोरी होत्या, त्यांचे आईबाप होते, हार होते, पेढे होते. गाडी फलाटाला लागली आणि सुकेशनीचा धीरच सुटला. बापाच्या बाहीला धरून ती लहान लेकरासारखी रडायला लागली. "पप्पा, मला जायचं न्हाई." सगळे बघायला लागले.  नागनाथनं तिची बॅग डब्यात टाकली, तिला दंडाला धरून वर चढवलं आणि म्हणाला, "मागं बघायचं न्हाई. मी बोलावल्याबिगर यायचं न्हाई. कळलं का?"

त्याच्या मनात एवढंच होतं, की पोरगी महिनाभरात घाबरून पळून येऊ नये. बोलला, आणि परतीच्या वाटेवर बोरी येईपर्यंत विसरूनही गेला. पण लेक विसरली नाही. तिनं ते वाक्य पासपोर्टाबरोबर जपून नेलं.

पुढं तीन वर्षं ती तिकडं राहिली. गाव लहान, नदीकाठचं, नाव घेताना आजही आपली जीभ अडखळंल. आश्रमात चाळीस म्हातारी माणसं. त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, हात धरून बागेत फिरवायचं. काम अंगाचं होतं, पण कामाला ती कधी भ्याली नाही. माणसंही चांगली होती, उगाच खोटं कशाला बोलावं. तिथं सगळं वेळेवर, सगळं स्वच्छ, आणि कुणी कुणाला 'कुठं निघालीस' म्हणून विचारत नाही. पहिले सहा महिने तिला ह्याचं लय भारी वाटलं. जिंतूरला घरून बसस्थानकापर्यंत जाताना सात जणांना उत्तर द्यावं लागायचं. इथं कशाचाच जाच नाही. मग हळूहळू वाटायला लागलं, अगं बाई, विचारा की कुणीतरी!

आणि आठवण तरी कशाची यावी? सांगायला लाज वाटावी अशा गोष्टींची. गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या बायांची. त्या रुमालावरून होणाऱ्या भांडणांची. येसर घालून केलेल्या आमटीची. उन्हाळ्यात पत्रे तापले की दारात पाणी शिंपडल्यावर येणाऱ्या वासाची. जाताना तिनं ज्वारीचं पीठ नेलं होतं, पण महिन्या-दोन महिन्यांत पिठाची विरी गेली. भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरा पडायच्या. एकदा तर ती फाटलेली भाकरी हातात घेऊन ती ओट्यापाशी उभी राहून मनसोक्त रडली, आणि मग तिनं तीच कुस्करून दुधात घालून खाल्ली.

आता करार मार्चअखेर संपणार होता. आश्रमानं नाताळाआधीच तिच्या हातात कागद ठेवला. अजून दोन वर्षं राहायचं असेल तर 'हो'वर सही, जायचं असेल तर 'नाही'वर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारपर्यंत कागद परत द्यायचा. सुकेशनीला जायचं होतं. पोटातून जायचं होतं. परभणीत कुठल्याही दवाखान्यात काम मिळालं असतं, तिच्यासारख्या शिकलेल्या नर्सला कोण नको म्हणतंय? चौदा एप्रिलच्या आत घरी पोचायचं, जयंतीला नवी पांढरी साडी नेसून पप्पांबरोबर मिरवणुकीत चालायचं, एवढं सगळं तिनं मनातल्या मनात ठरवलंही होतं. पलंगाखालची बॅग तिनं तीनदा भरली. शेजारच्या लेकरांना चॉकलेटं, पप्पांना बूट, आत्याला लोकरीची शाल. आणि तीनदा रिकामी केली.

कारण काय, तर पप्पांनी अजून बोलावलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकली-सवरली पोरगी, सरळ सांगायचं ना, येते म्हणून! अहो, पण ती नागनाथचीच लेक. दगडाच्या पोटी काय मेण निपजणार? दर रविवारी फोन व्हायचा तो असा.

"जेवलीस का?"

"हाव. तुमी?"

"हाव. थंडी हाय का?"

"लय हाय."

"बरं. ठिवतो."

एका रविवारी तिनं धीर करून विषय काढला. "पप्पा, मार्चला तीन वर्षं व्हायलेत."

"व्हय का? लवकर गेले की."

"अजून दोन वर्षं वाढवून द्यायलेत."

 मग, "चांगलं हाय."

बस्. 'ये' नाही आणि 'राहा' नाही. तिनं फोन गादीवर पालथा टाकला. तिला येते म्हणायची भीती नव्हती, भीती पुढची होती. आपण येते म्हणावं आणि ते नुसतं 'बरं' म्हणाले तर? त्या एका 'बरं'च्या भरवशावर नोकरी सोडून घर गाठायचं? जिंतूरभर ते मिरवत असतील, आपली पोरगी जर्मनीला हाय म्हणून. त्यांना आपण तिथंच असलेलं बरं वाटत असेल. तिला असं वाटायचं, आणि जीव नुसता तुटायचा.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी गंगाखेडहून आत्याचा फोन आला. सरजाबाई आत्या म्हणजे नागनाथची थोरली बहीण. भावाच्या वाटचं बोलणंही देवानं तिलाच दिलेलं. नातीनं व्हिडिओ कॉल लावून दिला होता आणि आत्यानं फोन कानाला धरला होता, त्यामुळं सुकेशनीला दहा मिनिटं आत्याचा नुसता कान दिसला.

"आगं, कधी यायलीस? जयंतीला हाईस का न्हाईस?"

"पप्पानी बोलावलं न्हाई अजून."

"म्हंजे?"

मग सुकेशनीनं स्टेशनवरचं वाक्य सांगितलं. कान फोनपासून दूर झाला, आणि आत्याचं तोंड दिसलं. आत्या हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"तुला म्हणून सांगते," आत्या म्हणाली, "मी अकरा जयंत्या काढल्या त्याची वाट बघत."

ही गोष्ट सुकेशनीनं कधी ऐकली नव्हती. त्यांच्याकडं सासरच्या लेकीला सणावाराला आणायला बाप किंवा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याबिगर लेक माहेरची पायरी चढत नाही. एकटी उतरली तर लोक आधी तिच्या हातातलं गाठोडं बघतात आणि मग तोंड, की हिला हाकलून तर नाही दिलं? सरजाबाईला आणायला तिचा बाप जायचा. बाप वारला आणि ते काम नागनाथवर आलं. पण एप्रिल म्हणजे लगीनसराई, सुट्ट्या, जयंती. आगारात कुणाला रजा नाही, उलट जादा गाड्या. नागनाथ भल्या पहाटे गाडी काढायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या बहिणी त्यांच्या माहेरात नेऊन सोडायचा. त्याच्याच गाडीत मुराळी बसलेले असायचे, शेजारी नटलेल्या लेकी असायच्या, मांडीवर लेकरं असायची. आणि गंगाखेडला त्याची बहीण तेरा तारखेला सकाळीच नवं लुगडं नेसून दारात बसायची. संध्याकाळी उठायची आणि लुगडं बदलून चुलीपुढं जायची. अशी अकरा वर्षं.

"पुढं माझी लेकरं मोठी झाली, मग गेले की माझी मी," आत्या म्हणाली. "पर ते उतारू जातो तसं गेले गं, लेक जाती तसं न्हाई."

"आत्या, तुमी त्यास्नी कधी बोलला न्हाईत?"

"कशाला बोलू? त्याला समजंना व्हय?" आत्यानं डोळे पुसले आणि एकदम तिचा आवाज चढला. "पर आता बोलते! माझं जाऊ दी. लेकीला बी तसंच बसवून ठिवायलाय का ह्यो?"

"आत्या, नका काई बोलू. पप्पाला वाटंल मीच लावून दिलं."

"तू गप. माझं न् माझ्या भावाचं हाय ते."

आत्या जिंतूरला गेली, एवढं पुढच्या रविवारी पप्पांकडूनच कळलं. "सरजाक्का आल्ती," ते म्हणाले. "लय बोलली." काय बोलली, ते काही त्यांनी सांगितलं नाही. सुकेशनीनं वाट बघितली. पप्पा खाकरले, आणि म्हणाले, "तुज्याकडं थंडीला स्वेटर भागतंय का कोट लागतोय?"

"कोट लागतोय."

"बरं. ठिवतो."

तिच्या मनानं तिथंच खाल्लं, की संपलं. आत्यानं एवढं सांगूनही ह्यांना कोटाचंच पडलंय. मग पुढच्या रविवारी म्हणाले, "तिकडं सकाळी किती वाजता उजाडतंय?" त्याच्या पुढच्या रविवारी, "इमानतळावरून तुमच्या गावाला गाडी असती का बदलावी लागती?" आणि मग, "तिथल्या म्हाताऱ्या मान्सांला दात हाईत का?"

"काईंना हाईत, काईंना न्हाईत. कामून?"

"असंच. धपाटे चावतील का म्हणलं."

तीन वर्षांत जो माणूस फोनवर पाच वाक्यांपेक्षा जास्त बोलला नाही, तो एकाएकी चौकश्या करायला लागला. सुकेशनीनं त्याचा अर्थ काय लावला असेल? आपलं तिथलं बस्तान नीट आहे ना, ह्याची बाप खात्री करतोय. म्हणजे आपण तिथंच राहावं हे त्यांनी मनाशी पक्कं केलंय. शहाणं माणूस चुकायला लागलं की असं चुकतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी ती कामावर निघाली तेव्हा कागद तिच्या खिशात होता. 'हो'वर सही करायची, असं तिनं ठरवलं होतं. बूट आणि शाल पोस्टानं पाठवायची, असंही ठरवलं होतं. जाताना रस्त्यात तिला कुणीच विचारलं नाही, की बाई, तुझे डोळे का सुजलेत?

साडेदहा वाजता ती कॉफीची ट्रॉली घेऊन जेवणघरात आली आणि खिशात फोन थरथरला. पप्पा. शुक्रवारी! पप्पांचा फोन रविवार सोडून कधीच यायचा नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा शाळेत शेजाऱ्यांनीच कळवलं होतं. हातातला कप तिनं ट्रॉलीवर ठेवला. तिनं फोन उचलला.

"पप्पा! काय झालं?"

पडद्यावर पप्पांचं कपाळ, मागं काचा, ढकलगाड्यांवर बॅगा रचून चाललेली माणसं. अंगात पांढरा सदरा आणि वर तसल्या उकाड्यात मोठा काळा कोट. घामानं पप्पा नुसते निथळत होते.

"काई न्हाई. तू घाबरू नको. मी मुंबईला हाय."

"मुंबईला? कुणाकडं?"

"इमानतळावर. सकाळी आठपसून हुबा हाय. हे दारातले पोलीस आत सोडंनात."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. "तिथं कशाला गेलाव पप्पा?"

"तुज्याकडं यायला. पासपोर्ट हाय की माझ्यापाशी, परवाच आलाय पोस्टानं. तर हे म्हणतेत तिकीट दाखवा. मी म्हणलं आत गेल्याबिगर तिकीट कुठून दाखवू? आधी बसू तर द्या! तीस वर्षं यस्टीत काढलीत, मला शिकवायलेत का हे तिकिटाचं?"

आता बघा. आगारात ज्याची कुणी खोट काढली नाही असा हा माणूस. त्याला वाटलं होतं, खिडकीवर जाऊन म्हणायचं, एक जर्मनी द्या. व्हिसा नावाची काही चीज असते हे त्याच्या गावीही नव्हतं. कुणाला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण विचारायचं म्हणजे बोलावं लागतं.

पलीकडं कुणीतरी हिंदीत बोललं, फोन हलला, आणि गेटवरच्या जवानाचं तोंड पडद्यावर आलं. "मॅडम, आप बेटी हैं? आपके पिताजी को समझाइए. बिना टिकट, बिना वीज़ा के कैसे जाएंगे? सुबह से सबको धपाटा खिला रहे हैं."

सुकेशनीला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. जेवणघरातली म्हातारी माणसं कॉफी विसरून तिच्याकडं बघायला लागली. कोपऱ्यातल्या हिल्डाबाईंनी तिच्यासाठी हातरुमाल पुढं केला.

"पप्पा, धपाटे कशाला आणलाव?"

"मुराळी रिकाम्या हातानं जातो का कुठं? येसर हाय, शेंगदाण्याची चटणी हाय. सरजाक्कानं केलंय सगळं. तुज्या त्या म्हाताऱ्या बायांला म्हणून धपाटे मऊ केल्ते." त्यांनी खांद्यावरची पिशवी सावरली. "अक्का म्हणली, नोकरी बी सासरच असतंय. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचं काम. आणायला गेल्याबिगर पोरगी येणार न्हाई. म्हणली, मला आणलं न्हाईस ते न्हाईस."

"अन् तुमी निघालाव?"

"आता रिटायर झालो, काई रजा मागायची न्हाई कुणाला." मग त्यांचा आवाज खाली गेला. "सुके, मी स्टेशनवर तसं म्हणालो व्हतो? मला खरंच ध्यानात न्हाई गं. मी रोज वाट बघायलो तू कधी म्हणतीस येते. मला वाटायचं, मी ये म्हणलं अन् तू चांगली नोकरी सोडलीस, तर उद्या माझ्याच नावानं रडशील. म्हणून गप बसलो."

 ज्या बापाला तिनं तीन वर्षं दगड समजलं तो मुंबईच्या उन्हात कोट घालून उभा होता, आणि तो कोट त्यानं तिच्याकडच्या थंडीसाठी शिवून घेतला होता. तिनं डोळे पुसले. खिशातला कागद काढला, ट्रॉलीवरच्या कपांमधे जागा करून पसरला, आणि 'नाही'च्या पुढं सही केली. घाईत सही वाकडी आली.

"पप्पा, मला बांधाबांध करायला सहा आठवडे लागतील. मार्चअखेरपर्यंत काम हाय."

"लागू दी."

"तुमी आता परभणीला माघारी जा. रेल्वेनं जा, आरक्षण करून देते मी."

"एकटाच जाऊ? लोक म्हणतील, मुराळी गेला अन् हात हलवत आला."

"सांगा, लेकीची बांधाबांध चालू हाय."

ते हसले. बापाला हसताना बघून तिला तीन वर्षं झाली होती, आणि दाताच्या जागी एक फट नव्यानं पडली होती ती तिला आज दिसली. मागून जवान म्हणाला, बाजूला व्हा, पाठीमागच्यांना येऊ द्या. ते बाजूला झाले, पिशवी पायाशी ठेवली. आता ते 'ठिवतो' म्हणणार, हे तिला कळलं. एक गोष्ट मात्र अजून राहिली होती. इतकं सगळं झालं तरी तो शब्द काही त्यांनी उच्चारला नव्हता, आणि तिला तो ऐकायचाच होता. लेकीचा हट्ट, दुसरं काय.

"पप्पा, एकदा तरी 'ये' म्हणा की."

नागनाथनं कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"ये कशाला म्हणू? ये म्हणतेत ते पाव्हण्याला. मी न्यायला आलोय तुला."